नको म्हणाले

बर्मिंगहॅममधल्या एका विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात नीना देवस्थळी हिने सव्वीस वर्षे इतरांचे बोलणे कागदावर उतरवण्याचे काम केले. संशोधक घरोघर जाऊन माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून आणीत. बोलणारा कुणी बंद पडलेल्या मोटार कारखान्यातला कामगार असे, कुणी रात्रपाळीची परिचारिका, तर कुणी एकट्याने राहणारी आयरिश आजी. नीना कानाला यंत्र लावून बसे, पायाखालच्या पेडलने आवाज थांबवी, मागे नेई, पुन्हा ऐके आणि जे ऐकले ते जसेच्या तसे टंकित करी. खोकला आला तर खोकला लिहायचा, हसू आले तर हसू. बोलणारा मध्येच गप्प झाला तर घड्याळ पाहून किती सेकंद गप्प होता तेही नोंदवायचे, असा विभागाचा दंडक होता. हा दंडक तिने व्रतासारखा पाळला. नीनाच्या उताऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे तिथले प्राध्यापक नव्या विद्यार्थ्यांना सांगत.

आपल्या कामाविषयी ती घरी फार बोलत नसे. पती उल्हास यांनी कधी विचारलेच, तर म्हणे, “मी शब्दांची हमाल. गोणीत काय भरलंय ते हमालानं उघडून बघायचं नसतं.” त्यावर उल्हास म्हणत, “मग माझी गोणी रोज कशी काय उघडली जाते?” आणि तो विषय तिथेच संपे.

तिचे वडील साताऱ्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत. घरात पाणिनीची सूत्रे भाजीच्या भावासारखी सहज बोलली जात. एखाद्या पाहुण्याला नीनाने चुकून एकेरी संबोधले तर वडील रागावत नसत. डोळे मिटून नुसते ‘आदरार्थे बहुवचनम्’ एवढे उच्चारीत, आणि मुलगी ओशाळून वाक्य पुन्हा बोले. वडिलांचे हे दोन शब्द तिच्या जिभेच्या मुळाशी जाऊन बसले होते. पंच्याहत्तर साली लग्न होऊन ती या देशात आली, पुढे तिचे इंग्रजी चांगले तयार झाले, तरी वडीलधाऱ्या माणसासाठी इंग्रजीतला एकवचनी ‘ही’ वापरताना तिला कुठेतरी चोरट्यासारखे वाटत राहिले.

त्या वडीलधाऱ्यांत सर्वांत वरचे स्थान कमलाकरभाऊंचे होते. भाऊ बासष्ट साली इथे आले. त्यानंतरच्या वीस वर्षांत शहरात जे जे मराठी कुटुंब आले, त्याला स्टेशनावर उतरवून घ्यायला बहुधा भाऊच उभे असत. नीनाला बसचे मार्ग त्यांनी शिकवले. विद्यापीठातल्या नोकरीच्या अर्जावर ओळख म्हणून सही त्यांची होती. उल्हास आजारी पडून दहा आठवडे रुग्णालयात होते, तेव्हा रोज संध्याकाळी भाऊ आपल्या गाडीतून तिला तिथे नेत, आणि ती परत येईपर्यंत बाहेर गाडीतच वर्तमानपत्र वाचत बसत. उपकार हा शब्दही त्यांनी कधी उच्चारू दिला नाही. अशा माणसाविषयी मनात जी भावना असते तिला नुसता आदर म्हणणे अपुरे आहे. ती जवळजवळ पूज्यबुद्धीच होती.

भाऊंच्या पत्नी वैजयंतीवहिनी अबोल होत्या. एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी बावीस वर्षे मुलांची दुपारची ताटे वाढली होती. मुले त्यांना ‘मिसेस व्ही’ म्हणत. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर होत्या, हे शहरातल्या मराठी मंडळातल्या फार थोड्यांना ठाऊक होते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनीही त्याचा कधी विचार केला नव्हता.

दोन हजार पाच साली विभागातल्या डॉ. रूथ ॲशवर्थ यांनी एक नवे संशोधन हाती घेतले. साठच्या दशकात इथे आलेल्या स्त्रियांचे शिक्षण आणि नोकरी यांचे काय झाले, हा त्यांचा विषय होता. रूथबाईंची पद्धत अशी, की प्रश्न इंग्रजीत विचारायचा, पण उत्तर ज्या भाषेत मन मोकळे होईल त्या भाषेत देऊ द्यायचे, मध्ये बोलायचे नाही, आणि भाषांतर नंतर करून घ्यायचे. पंजाबी आणि गुजराती भाषांतरकार मिळाले. मराठीसाठी नीनाच पुढे झाली, आणि मराठी स्त्री म्हणून तिने भीतभीत वैजयंतीवहिनींना विचारले. वहिनी नाही म्हणतील अशी तिची खात्री होती. पण वहिनींनी एकच गोष्ट विचारली: आपण बोलू ते जसेच्या तसे इंग्रजीत लिहिले जाईल ना? नीनाने होकार दिला. वहिनी म्हणाल्या, “मग या म्हणावं त्या बाईंना.”

ती मुलाखत नीनाने पुढच्या आठवड्यात कचेरीत बसून ऐकली. पाऊण तास वहिनी स्वयंपाकघरातल्या गमती सांगत होत्या. मग रूथबाईंनी विचारले, की त्यांनी पुढे शिकायचा कधी विचार केला होता का. यानंतर उताऱ्यात नीनाने नोंदवलेले मौन अकरा सेकंदांचे आहे. मग वहिनींचा आवाज येतो, “केला होता की. सदुसष्ट साली ट्रेनिंग कॉलेजला अर्ज केला. शिक्षिकेचा कोर्स. जागा मिळाली, पत्रसुद्धा आलं. सप्टेंबरात जायचं होतं. नको म्हणाले. मग नाही गेले.”

नीनाने पेडल सोडले. मराठीत हे वाक्य कसे पूर्ण आहे! कर्ता उच्चारलेला नाही, आणि तरी तो कोण हे ऐकणाऱ्याला विचारावे लागत नाही. या बोलीत वाढलेल्या स्त्रीच्या तोंडून कर्त्यावाचून ‘म्हणाले’ आले, की तो एकच पुरुष असतो. इंग्रजीचे तसे नाही. इंग्रजी कर्त्यावाचून पाऊल उचलत नाही. तिला कर्ता हवा, आणि तो एक की अनेक हेही सांगायला हवे.

नीनाने टंकित केले, ‘ही सेड नो.’ पडद्यावर ते तीन शब्द उघडे पडल्यासारखे दिसले. ‘तो नको म्हणाला.’ कोण तो? आपल्यासाठी थंडीत गाडीत बसून राहणारे भाऊ? त्यांना अरे-तुरे करून, तेही एका परक्या बाईच्या संशोधनात, आरोपीसारखे उभे करायचे? तिने पहिला शब्द पुसला आणि त्या जागी ‘दे’, म्हणजे ‘ते सगळे’, असे लिहिले. क्रियापद मुळात अनेकवचनीच आहे, तेव्हा हेच अधिक शब्दनिष्ठ, असे तिने स्वतःला सांगितले. मुलाखतीत पुढे असे कर्त्यावाचूनचे ‘म्हणाले’ आणखी चार वेळा आले होते. चारही ठिकाणी तिने तसेच केले.

चूक तिथेही थांबू शकली असती. प्रत्येक भाषांतर दुसऱ्या कुणीतरी तपासायचे असा नियम होता, आणि ते काम विभागातल्या ईशिता या विद्यार्थिनीकडे आले. मुलगी जन्माने इथली. मराठी तिने आजीच्या मांडीवर बसून उचललेले. तिने उतारा ऐकला, कागद वाचला आणि नीनाच्या टेबलापाशी आली.

“काकू, ‘म्हणाले’ म्हणजे दे ना?”

“हो.”

“माझी आजी पण आजोबांना असंच म्हणते. ‘आले, गेले, जेवले.’ पण आजोबा तर एकच आहे.”

व्याकरणात अडखळणाऱ्या त्या पोरीने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. नीना म्हणाली, “‘एकच आहेत’ म्हणावं. पुढचं पान बघ.” ईशिताने जीभ चावली, चूक सुधारून म्हटली आणि पुढचे पान उलटले. तपासून तयार झालेला उतारा वहिनींना दाखवावा असे रूथबाईंच्या मनात होते. वहिनींनी फोनवर कळवले, की नीनाने केले आहे ना, मग पाहायचे काय?

त्या एका अक्षरावर पुढे किती मोठी इमारत उभी राहिली, हे नीनाला वर्षभराने कळले. विद्यापीठाची जाहीर व्याख्यानमाला होती. गुरुवारी संध्याकाळी शहरातल्या कुणीही यावे, ऐकावे, प्रश्न विचारावेत. दोन हजार सहाच्या ऑक्टोबरातले व्याख्यान रूथबाईंचे होते आणि भित्तिपत्रकावर त्याचे नाव छापले होते, ‘दे सेड नो.’ नीनाने ते दोनदा वाचले. तरी तिने मंडळात निमंत्रणे वाटली, कारण तसे करायला तिला सांगितले होते. वहिनी येणार म्हणाल्या. आणि त्यांना सोबत म्हणून भाऊही आले, काळा सूट घालून, पुढून दुसऱ्या रांगेत.

रूथबाई फार सुंदर बोलल्या. त्यांच्या शब्दांत कुठे कडवटपणा नव्हता. अनेक स्त्रियांच्या कहाण्या सांगून त्या शाळेतल्या त्या वाढपिणीकडे आल्या. नाव बदलले होते, पण सभागृहातल्या मराठी माणसांना ओळख पटायला वेळ लागला नाही. त्यांनी वहिनींचे ते वाक्य पडद्यावर दाखवले. “या बाई कुणाही एका व्यक्तीचे नाव घेत नाहीत,” त्या म्हणाल्या. “एक सबंध नातेसंबंधांचे जाळे, दूर मायदेशात बसलेले वडीलधारे, इथला लहानसा समाज, या सर्वांचा मिळून एक आवाज होतो आणि तो नकार देतो. सत्ता इथे चेहरा नसलेली आहे.” नीना पाचव्या रांगेत बसली होती. तिला वहिनींची फक्त मान दिसत होती. मान ताठ होती.

प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा अनुप नावाचा एक तरुण उठला. बँकेत संगणकाचे काम करणारा, मंडळाचा उत्साही कार्यकर्ता. त्याने इंग्रजीत, पण कानशिले तापलेल्या स्वरात विचारले, की हे ‘दे’ म्हणजे नक्की कोण? आमच्या समाजाने मुलींना शिकवले ते शंभर वर्षांपूर्वीपासून. त्याच्या बाजूने दोन-चार माना हलल्या. रूथबाईंनी शांतपणे सांगितले, की बाईंनी जे म्हटले तेच आपण घेतले आहे. मग त्यांची नजर पाचव्या रांगेत आली. “भाषांतर करणाऱ्या आमच्या सहकारी इथेच आहेत. नीना, यात तुला काही सांगायचंय का?”

ध्वनिक्षेपक हातोहात तिच्यापर्यंत आला. भाऊ मागे वळले. आपल्या हाताने नोकरीला लावलेली मुलगी विद्वानांच्या सभेत बोलणार याचे कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर होते. वहिनी वळल्या नाहीत. नीनाला एवढेच म्हणायचे होते, की मराठीत हा आदराचा प्रयोग आहे, इथे माणूस एकच आहे. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिने ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला.

ती म्हणाली, “भाषांतर शब्दशः आहे.”

वहिनींची मान किंचित खाली झाली. ते पाहणारी सभागृहात नीना एकटीच असावी.

व्याख्यानानंतर बाहेरच्या दालनात समोसे आणि वाइन होती. भाऊ गर्दीतून वाट काढत आले. त्यांचे डोळे ओले होते. बाई किती खरे बोलल्या, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आमच्या घरच्यांनी, त्या वेळच्या लोकांनी हिचे फार नुकसान केले, आपल्याला तेव्हा कळले नाही, आज कळले. ते मनापासून बोलत होते. या बोलण्यात कणभरही सोंग नव्हते, आणि नीनाला सोंगापेक्षा तेच अधिक असह्य झाले. मागे वहिनी भाऊंचा ओव्हरकोट हातावर घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “चला, बस जाईल.”

पुढच्या बुधवारी, भाऊ ग्रंथालयात जातात ती वेळ साधून, नीना त्यांच्या घरी गेली. वहिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. नीनाने खुर्ची ओढली आणि काहीही न लपवता सारे सांगितले: आधी काय लिहिले होते, ते का पुसले, ईशिताने काय विचारले होते. वहिनींनी मेथी निवडणे थांबवले नाही.

“मला माहीत होतं ते,” त्या म्हणाल्या. “पडद्यावर बघितलं तेव्हाच कळलं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आपल्याला हे जमतच नाही.”

“पण मग तुम्ही...”

“ऐक. मला इंग्रजीत मनातलं बोलता येत नाही. आणि मराठीत यांना एकेरी बोलता येत नाही. भांडणातसुद्धा नाही आलं कधी. एकोणचाळीस वर्षं ते वाक्य माझ्याजवळ होतं, पण त्याला तोंडच नव्हतं. त्या बाई आल्या तेव्हा वाटलं, मी मराठीत बोलीन आणि तू इंग्रजीत लिहिशील. इंग्रजीत काय, राजालासुद्धा ‘ही’च म्हणतात. म्हटलं, एका कागदावर तरी सरळ लिहून होईल. मला कुणाला दाखवायचं नव्हतं गं. नुसतं लिहिलेलं असायला हवं होतं.”

नीनाला रडू आले. तिने सांगितले, की अजून वेळ गेलेली नाही. रूथबाईंचे याच संशोधनावरचे पुस्तक अजून छापायचे आहे, ते महिनाअखेरीपर्यंत दुरुस्त करता येईल, ती उद्याच जाऊन चूक कबूल करील. वहिनींनी निवडलेली पाने पातेल्यात टाकली आणि पातेले नळाखाली धरले. मग म्हणाल्या, “आता नको करूस.”

कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले ते असे. व्याख्यानाहून परत आल्यावर भाऊंनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारले होते, तुला तेव्हा वाईट वाटले होते का?

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, वाटलं होतं. फार वाटलं होतं. तर हात धरून बसले कितीतरी वेळ. त्यांना वाटलं, मी त्या लोकांबद्दल बोलतेय.” वहिनी किंचित हसल्या. “आता तू ते ‘ही’ लिहिलंस की हेही जाईल. हे नाही गेलं तर बरं. एवढं तरी मिळालंय.”

वहिनींनी जे मागितले होते ते तिने मोडले होते, आणि त्याच्या बदल्यात जे चुकीने हाती आले, ते हिरावून घेण्याचा अधिकार तिला नव्हता. ती रूथबाईंकडे गेली नाही. पुस्तक निघाले. त्यातले ते प्रकरण अनेकांना आवडले, इतर विद्यापीठांत वाचले गेले. विभागात अभिनंदनाचा चहा झाला तेव्हा नीनाचेही नाव घेतले गेले, आणि तिने खाली पाहून आभार मानले.

त्यानंतर तिचे कामही पूर्वीसारखे राहिले नाही. उतारे तितकेच अचूक असत, पण मराठी मुलाखत आली की ती काही ना काही निमित्त काढून दुसऱ्याकडे देई. घरी उल्हास हमालीवरून थट्टा करू पाहत. ती हसत नसे. दिवाळीला वहिनींकडे जाणे होई. वहिनी पूर्वीसारख्याच वागत, चिवडा बांधून देत. तो विषय पुन्हा निघाला नाही. निघावा असे नीनाला प्रत्येक खेपेस वाटे, आणि निघाला नाही म्हणून प्रत्येक खेपेस ती सुटकेचा निःश्वासही टाकी.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत वैजयंतीवहिनी हृदयविकाराने गेल्या. मुलगा अजय रीडिंग गावाहून आला. अंत्यविधीला शाळेतल्या बायका येणार, तेव्हा चार शब्द इंग्रजीत कुणीतरी बोलावेत असे ठरले, आणि भाऊंनी सांगितले, की ते नीनाच लिहील. आदल्या दिवशी दुपारी ती कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. भाऊ सांगत गेले, ती लिहीत गेली. जन्म, पदवी, लग्न, या देशात येणे. मग भाऊ म्हणाले, “लिही, की तिला शिक्षिका व्हायचं होतं. कॉलेजात जागा मिळाली होती. पण त्या लोकांनी जाऊ दिलं नाही.”

नीनाचे पेन थांबले. कशी कोण जाणे, जी गोष्ट भरल्या सभागृहात तिला साधली नव्हती ती त्या रिकाम्या घरात साधली.

“कोणी, भाऊ?”

“आमच्या घरच्यांनी गं. घरात सगळे...” ते थांबले. खिडकीकडे पाहत राहिले. “आई तर साताऱ्याला होती. तिला हे पत्रानंसुद्धा कळवलंच नव्हतं. अजय तेव्हा झालाही नव्हता.” त्यांचे ओठ काही मोजत असल्यासारखे हलले. “घरात आम्ही दोघंच होतो की.”

नीनाने पेन कागदावर ठेवले. भाऊंनी तिच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात तिला दिसले, की त्यांना आता सारे कळले आहे. तिला कधीपासून ठाऊक होते तेही. पंच्याहत्तर वर्षांचा तो माणूस बसल्या जागी लहान झाल्यासारखा वाटला. हात धरावा अशी जी एकच व्यक्ती होती, ती दुसऱ्या दिवशीच्या अंत्यविधीची वाट पाहत दूर कुठल्याशा थंड खोलीत पडून होती.

मग ते म्हणाले, “ते वाक्य गाळून टाक.”

नीनाने वाक्य गाळले. दुसऱ्या दिवशी तिने उरलेला मजकूर स्पष्ट आवाजात वाचला, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेने नंतर येऊन सांगितले, की मिसेस व्ही शिकलेल्या होत्या हे आम्हाला कधी कळलेच नाही.